गप्प फोन कापायचा नाही

समस्त पुणेकरांना, आणि त्यातही ज्यांनी मला लग्नात, मुंजीत किंवा सोसायटीच्या स्नेहसंमेलनात माइकवर सहन केलं आहे अशा सर्व बंधुभगिनींना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं, की ज्याच्या आवाजाने मंगल कार्यालयांचे पत्रे थरथरतात असा तुमचा लाडका सूत्रसंचालक सध्या बटणांच्या एका जुन्या मोबाइलला घाबरून आहे. फोन वाजला की तो दचकतो. वाजला नाही की दर पाच मिनिटांनी खिशातून काढून बघतो. कृपया नोंद घ्यावी. टाळ्या नकोत.

शमीम, यावर तू काय म्हणाली असतीस ते मला पाठ आहे. "मध्या, अर्धं वाक्य काप. उरलेलंही कापलंस तरी चालेल." तीस वर्षं बातम्या लिहिणाऱ्या बाईला विशेषणांचा इतका तिटकारा असावा, आणि तिने मैत्री मात्र माझ्याशी करावी, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. आता तर विचारायचीही सोय राहिली नाही.

तुला माती द्यायला आलो तेव्हा तो फोन माझ्या सदऱ्याच्या वरच्या खिशात होता. बंद करायचा नाही, आवाजही बारीक करायचा नाही, हा तुझा हुकूम. कबरस्तानात सगळे शांत उभे, तुझा धाकटा भाऊ माझ्या खांद्याला खांदा लावून रडतोय, सगळ्यांचे हात दुआसाठी उचललेले, आणि माझ्या मनात एकच धावा चाललेला, की आत्ता वाजू नकोस बाबा. माती टाकायला वाकलो तर फोन खिशातून सटकला. मी तो हवेतल्या हवेत पकडला. या देहाकडून इतकी चपळाई कुणी अपेक्षिली नव्हती. तुझ्या भावाने रडता रडता माझ्याकडे पाहिलं. खरं सांगू? फोन हातात आल्यावर क्षणभर वाटलं, पडू द्यायला हवा होता. तुझ्याबरोबर गेला असता तर सुटलो असतो.

ज्यांना या फोनची कथा माहीत नाही त्यांच्यासाठी ती सांगायला हवी. तुला प्रस्तावना आवडत नसत, तेव्हा तू इथे थोडा वेळ कान बंद ठेव.

दत्ता माझा शाळेपासूनचा मित्र, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला. त्याच्या मेहुणीचं लग्न बिबवेवाडीतल्या एका कार्यालयात होतं, आणि मित्र म्हणून माइक अर्थातच माझ्या हातात. दत्ताची बायको सुनंदावहिनी आणि त्यांची सायली, वय वर्षं सात, ही नवरीची एकुलती एक भाची. अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली, आणि नवरदेवाचा एक बूट गायब झाला. नवरीकडच्या पोरींनी बूट लपवायचे आणि नवरदेवाला घायकुतीला आणायचं, ही आपल्याकडची जुनीच गंमत. मला तर मेजवानीच. मी माइक उचलला आणि पोलीस चौकीतल्या सुरात सांगितलं, की काळ्या रंगाचा, उजव्या पायाचा, अंगावर नवं पॉलिश असलेला, वय अंदाजे दोन दिवस, असा एक बूट घरच्यांना न सांगता निघून गेला आहे, दिसल्यास वरपक्षाशी संपर्क साधावा. कार्यालय हसून हसून आडवं झालं. सुनंदावहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या, हे मला स्टेजवरून दिसत होतं.

त्यानंतर थोड्याच वेळाने त्याच वहिनी स्टेजच्या पायरीशी आल्या. मी पुन्हा माइक उचलला. सात वर्षांची मुलगी, अंगात निळा फ्रॉक, दोन शेंड्या, नाव सायली.

लोक हसले, शमीम. त्यांना वाटलं, दुसरा विनोद आहे.

मी तेच चार-पाच वेळा सांगितलं. शेवटी माझा आवाज फुटला तेव्हा कुठे पंगतीतली माणसं उठली. माझ्या आवाजाला कुणीच आलं नाही, असं आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा झालं. सायली सापडली नाही. त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही, अजूनही नाही.

दुसऱ्या दिवशी तू आलीस. छोटी बातमी लिहायला आली होतीस, आतल्या पानावरची. आम्ही दत्ताच्या घरात बसलो होतो आणि तिथला फोन सारखा वाजत होता. कुणी बुवा मुलगी उत्तरेला आहे म्हणून सांगत होता, कुणी नुसताच खिदळत होता, कुणी मुलगी आमच्याकडे आहे म्हणून पैसे मागत होता. प्रत्येक वेळी वहिनी धावत होत्या आणि प्रत्येक वेळी परत येताना थोड्या वाकत होत्या. तू चहाचा कप खाली ठेवलास आणि म्हणालीस की यापुढे माझा नंबर छापू, हे सगळं माझ्याकडे येऊ दे. पत्रकारांनी असं करायचं नसतं, असं तुझ्या संपादकांनी तुला नंतर सुनावलं म्हणे. तू त्यांना म्हणालीस, बरं, आणि तोच नंबर छापत राहिलीस.

दर वर्षी सायलीच्या वाढदिवसाला तुझा तो छोटा लेख येई. त्यात रडारड नसे. तू त्या वयाच्या चार पोरींना जाऊन भेटायचीस आणि लिहायचीस, की सायली यंदा दहाची झाली, दहाव्या वर्षी पुण्यातल्या मुली सायकलवरून एक हात सोडायला शिकतात. यंदा तेराची झाली, तेराव्या वर्षी आईच्या ओढण्या पळवतात आणि नाही म्हणतात. खाली तोच नंबर. लोक ते वाचायचे आणि सायलीची चौकशी करायचे, जणू ती मामाकडे गेली आहे. पेठेतला माझा न्हावी गेल्या वर्षी विचारत होता, बारावीला तिने कुठली शाखा घेतली म्हणून. तुला सांगितलं तर तू आधी चष्मा पुसलास. मग म्हणालीस, "कॉमर्स सांग. दत्ताची इच्छा तीच होती."

दत्ता मात्र त्या दिवशी पेपर घरात येऊ देत नसे. त्याने सायलीचे फोटो माळ्यावर टाकले होते आणि घरात तिचं नाव काढायची बंदी केली होती. त्याला दुष्ट म्हणायला तू मला कधी परवानगी दिली नाहीस. नाव निघालं की तो माणूस कोसळतो, म्हणून बंदी आहे, असं तू म्हणायचीस. मी म्हणायचो, मग वहिनींनी कुठे जायचं? तू म्हणायचीस, बघू.

फोन घेण्याची तुझी एक पद्धत होती. सायलीची काहीही माहिती आहे म्हणणाऱ्याला तू एकच प्रश्न विचारायचीस, की ती गेली तेव्हा तिच्या हातात काय होतं? हे तू कधी छापलं नव्हतंस. फक्त पोलिसांना, वहिनींना आणि तुला माहीत होतं. फोनवरचे लोक बाहुली म्हणायचे, चॉकलेट म्हणायचे. तू "धन्यवाद" म्हणून फोन ठेवायचीस. तो तुझा "धन्यवाद" ऐकून मला त्या भामट्यांची दया यायची. मी तुला शंभरदा विचारलं, मला तरी सांग. तू म्हणायचीस, तुला सांगितलं तर पुढच्या बारशात तू ते अभिनयासह सादर करशील. बोलणं खरं होतं म्हणून जास्त लागायचं.

आणि मग ते गप्प फोन.

आठवड्याला एखादा यायचा, बहुतेक दुपारी. पलीकडून एक अक्षर नाही. मागे काहीतरी खडखडायचं, मग तेही थांबायचं. पहिल्यांदा ते मी तुझ्या घरी ऐकलं तेव्हा खुर्चीतून उठलोच. मी खुणेने म्हणालो, काप. तू मला हाताने गप्प केलंस आणि बोलायला लागलीस. सायलीविषयी. तिला दुधावरची साय आवडत नाही, ती जिना उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या उडी मारून उतरते, यंदा तिच्या वर्गातल्या मुली कुठे सहलीला गेल्या. अगदी घरातल्या माणसाशी बोलावं तसं. आणि शेवटी म्हणालीस, "गोळ्या वेळेवर घेत जा." फोन ठेवल्यावर मी तुला फैलावर घेतलं. अगं, पलीकडे कुणी विकृत माणूस असेल. पोर असेल तर ती पंधरा वर्षांची असेल, तिला कसल्या गोळ्या? तू म्हणालीस, नंबर कुणाचा ते मी बघून घेतलंय, घाबरू नकोस. कोण आहे मग? "ऐकणारं माणूस आहे," तू म्हणालीस. हे आपलं भांडण पुढे इतकी वर्षं चाललं आणि अर्धवटच राहिलं. मी रेल्वेची खडखड म्हणायचो, स्टेशनवरून फोन येतोय, शोध घे. तू पोळ्या लाटत राहायचीस.

एकदाच तू पाघळलीस. तुझ्या न्हाणीघरात फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगलेला मी पाहिला आणि भरपूर हसलो. तू हसली नाहीस. म्हणालीस, "मला रोज भीती वाटते, मध्या. एक दिवस ती खरंच फोन करेल आणि मी अंगावर पाणी घेत असेन." त्यानंतर मी तुझी त्या पिशवीवरून चेष्टा केली नाही. बाकी सगळ्यावरून केली.

त्याच सुमारास मी तुला सहज म्हणालो होतो, की त्या लग्नातला तो बूट शेवटी कुणी ढापला कुणास ठाऊक, बिचारा नवरदेव मामाच्या चपला घालून वरातीत नाचला. मला वाटलं, निदान यावर तरी तुझ्या चेहऱ्यावर काही उमटेल. तू उठून खिडकी लावलीस. बाहेर वाराही नव्हता.

हॉस्पिटलमध्ये तू उशीखालून हा फोन काढून माझ्या हातात दिलास. मी हात मागे घेतला होता, आठवतंय? मला नको म्हणालो. तू म्हणालीस, तुला बडबडायला आवडतं, फुकट माणूस दुसरा कुठे शोधू? दोन नियम सांगितलेस. गप्प फोन कापायचा नाही. आणि उलटा फोन लावायचा नाही. मी म्हणालो, उत्तर तरी सांग, उद्या कुणी मुलगी म्हणाली मी सायली, तर मी ओळखू कसं? तू डोळे मिटलेस. तशी वेळ आलीच तर सुनंदाला विचार, म्हणालीस, तुला ते कशाला हवंय. मला राग आला. माझ्या हातात बॉम्ब ठेवतेस आणि वात कुठे आहे ते सांगत नाहीस, असं काहीतरी नाटकी बोलून मी निघालो. दारातून वळून पाहायला हवं होतं. मला वाटलं, उद्या येऊन भांडण पूर्ण करू.

तुझ्यानंतर फोन माझ्याबरोबर न्हाणीघरात जातो. तीच पिशवी वापरतो. खराडीच्या एका आयटी कंपनीत कार्यक्रम होता, जोडप्यांच्या स्पर्धेत मी एका नवऱ्याला गुडघ्यावर बसवलं होतं, आणि फोन वाजला. मी चारशे माणसांसमोरून तसाच विंगेत पळालो. नवरा गुडघ्यावरच राहिला. फोनवर एक कोवळा मुलीचा आवाज. मी माइक काखेत दाबला आणि फोन दोन्ही हातांनी धरला. ती म्हणाली, सर, आपल्याला पर्सनल लोनमध्ये इंटरेस्ट आहे का? मी विचारलं, बाळ, तुझं वय काय? ती म्हणाली, सर? मी विचारलं, लहानपणचं काही आठवतं का तुला, एखादं लग्न वगैरे? तिने फोन ठेवला. बिचारी आता माझा किस्सा तिच्या मैत्रिणींना सांगत असेल. मी मात्र पडद्यामागे खाली बसलो होतो. तिने हो म्हटलं असतं तर पुढे काय विचारायचं हेच मला माहीत नव्हतं. तेव्हा मला कळलं की तू रोज कशात जगत होतीस. आणि वरून पोळ्याही लाटत होतीस.

म्हणून मी बिबवेवाडीला दत्ताच्या घरी गेलो. ठरवलं होतं, वहिनींना सरळ विचारायचं. दत्ता बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसला होता. वहिनी आत शिलाई मशीनवर साड्यांना पिको करत होत्या, ते काम त्या वर्षानुवर्षं करतात. मी चहा घेतला, हवापाण्यावर बोललो, मग म्हणालो की शमीमचा फोन आता माझ्याकडे आहे. दत्ताने टीव्हीचा आवाज वाढवला. मी थोडा मोठ्याने म्हणालो. त्याने अजून वाढवला. शमीम, पुण्यातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस मी, एका रिमोटपुढे हरलो. दत्ता टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाला, "मध्या, निघ आता. पाऊस येईल." आभाळात एक ढग नव्हता.

वहिनी दारापर्यंत आल्या. मला वाटलं, आता विचारावं. त्यांनीच विचारलं, शमीमताईंच्या तोंडात शेवटी काही गेलं होतं का. मी म्हणालो, थोडी पेज. बरं झालं, म्हणाल्या, आणि पदराला हात पुसत आत गेल्या. माझा प्रश्न तोंडातच राहिला. जिना उतरताना मला वाटत होतं की आता तू गेलीस, दत्ता बोलू देत नाही, मला काही माहीत नाही, तर या पोरीचं आता फक्त एका बंद माळ्यावर आणि माझ्या खिशात काय ते उरलंय. आणि खिसा माझा आहे म्हणजे काय भरवसा.

पुढचं लिहावं की नाही, हे ठरत नव्हतं. तू मला इतकी वर्षं काय सांगितलं नाहीस ते आता कळलं आहे, आणि का सांगितलं नाहीस तेही. मी समजत होतो, तुझा माझ्यावर विश्वास नाही. त्या रागात मी हॉस्पिटलच्या दारातून गेलो. आता आभार मानावेत की भांडायला यावं, ते समजत नाही. दोन्हीसाठी तू जागेवर नाहीस.

बिबवेवाडीहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मी न्हाणीघरात होतो, पिशवीतूनच कानाला लावला. हॅलो म्हणालो. पलीकडे काही नाही. मग ती खडखड, आणि मग तीही थांबली.

घाबरलो म्हणजे किती, ते सांगतो. अंगावरचं पाणी गार झालं तरी मला टॉवेल सुचला नाही. पलीकडे माणूस आहे, श्वास ऐकू येतोय, आणि तू नाहीस. मी म्हणालो, ती ताई आता नाहीये, मी तिचा मित्र बोलतोय. श्वास जरासा अडखळला. मला वाटलं, ठेवणार. म्हणून मी, जे मला येतं तेच करायला लागलो. बोलायला लागलो. साय आवडत नाही ते सांगितलं, पायऱ्यांची उडी सांगितली, तुझ्या तोंडून ऐकलेलं सगळं संपवलं. गोळ्या घेत जा, हेही सांगितलं, का ते न कळता. तरी पलीकडे कुणीतरी थांबलेलंच. माझ्याजवळ आता काही उरलं नव्हतं आणि गप्प बसायची मला भीती वाटत होती.

मग मी ते लग्न सांगायला घेतलं. तू असतीस तर फोन हिसकावून घेतला असतास. मी मांडव उभा केला, सनई वाजवली, पंगती बसवल्या. म्हणालो, सायली, मी स्टेजवर होतो, मला तू दिसत होतीस. निळा फ्रॉक, दोन शेंड्या, खुर्च्यांच्या रांगेतून तू पळत चालली होतीस. हे मी काहीच पाहिलेलं नव्हतं. पण आता कथा पळायला लागली होती आणि तिच्या हातात काहीतरी हवं होतं. मी म्हणालो, आणि तुझ्या हातात होता एक मोठा लाल फुगा, तो उंच धरून तू हसत हसत दाराकडे—

आणि पलीकडचा आवाज, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, न राहवून बोलला.

"फुगा कुठला हो भाऊजी, नवरदेवाचा बूट होता तिच्या हातात. आई, कुणाला सांगू नको, म्हणाली होती मला."